कपावरचा हात

चहा आला आणि स्वप्निलने कपावर हात ठेवला. पालथा, आडवा, बोटं जुळवून. पंगतीत वाढपी पुन्हा बुंदी घेऊन आला की माणसं पत्रावळीवर ठेवतात तसा. "मले नको," तो म्हणाला. आवाज इतका साधा निघाला की त्याला वाटलं, शेजारी बसलेलं कोणी बोललं असेल. पण शेजारी वडील होते, पुंडलिकराव, आणि त्यांनी तर कप उचलून बशीत अर्धा ओतलाही होता. त्यांच्या पलीकडे आई, सुलोचनाबाई. समोरच्या खुर्चीवर मुलीचे वडील रूपराव, आणि त्यांच्या बाजूला ही सोयरीक जुळवून आणणारे बाबाराव, ज्यांचा कप ओठांपासून बोटभर अंतरावर येऊन थांबला. सोफ्याचं प्लॅस्टिकचं कव्हर अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी हललं की करकर वाजायचं. आता ते वाजेना. वाफ तळव्याला लागत होती, ओलसर, आल्याच्या वासाची, जिवंत प्राण्यासारखी. स्वप्निलला चहा प्रचंड आवडायचा. रूपरावांच्या पत्नी, मंदाबाई, ट्रे पोटाशी धरून हसल्या. "लाजून राह्यले जवाईबापू. अर्धा घ्या." "अर्धाबी नको," स्वप्निल म्हणाला, आणि मग त्याला आठवलं की सोयरिकीच्या बैठकीत चहाला नको म्हणत नाहीत.

हे काही कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण देवळीपासून पुलगावपर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पसंतीला गेलं, घरच्यांनी चहा पुढे केला आणि पाहुण्यांनी तो उष्टावला नाही, तर सोयरीक मोडली. कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही, उठायचं. बाबारावांच्या एका चुलत्याला म्हणे डॉक्टरने साखर बंद केली होती. त्यांनी भोळेपणाने चहा परत केला आणि जुळत आलेलं लग्न तिथेच आटोपलं. तेव्हापासून त्या घराण्यातले मधुमेहाचे लोक सोयरिकीला निघताना गोळी घेतात, पोचल्यावर चहा घेतात, आणि परत आल्यावर दवाखान्यात जातात. स्वप्निलला ही गोष्ट लहानपणापासून पाठ होती. पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवेलच असं नसतं. ती पाहुण्यासारखी असते, आपण हात ठेवून मोकळे झालो की मग दारात येऊन उभी राहते. आता ती उभी होती. हात काढून "गंमत केली" म्हणता आलं असतं. तो तेवढं एक वाक्य म्हणाला असता तर घरजावई होऊन, रूपरावांचं पाइप आणि मोटरपंपांचं दुकान चालवत, याच सोफ्यावर, कदाचित याच कव्हरावर, म्हातारा झाला असता. रूपरावांना एकच मुलगी, रक्षा. त्यांना जावई हवा होता आणि दुकानाला माणूस. पुंडलिकरावांना दोन मुलगे होते आणि देवळीतलं किराणा दुकान एकच. हिशोब इतका सरळ होता की स्वप्निलला विचारण्यात वेळ घालवावा असं कोणालाच वाटलं नव्हतं. पुंडलिकराव घरून निघताना म्हणाले होते, "तो काई नाई म्हणत नाई." ते कौतुकाने म्हणाले होते. माणूस आपल्या बैलाबद्दल बोलतो तसं.

आणि खरंच होतं ते. हीच तर अडचण झाली होती. देवळीत बसस्टँडच्या मागे, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, रीना मॅडमचा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. तिथे स्वप्निल का जात होता, तर मित्राला एकट्याला जायची लाज वाटत होती म्हणून. मित्र तिसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला, स्वप्निल जात राहिला. नाव काढून घ्या असं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. खालून दात कोरायच्या यंत्राचा आवाज यायचा, मधूनच कोणी कण्हायचं, आणि वर लोक "हाऊ आर यू, आय अ‍ॅम फाइन" म्हणायचे. रीना मॅडम कारंजाकडच्या एका गोंड वस्तीतल्या. घरी गोंडी, शाळेत मराठी, होस्टेलात हिंदी आणि आता इंग्रजी. खोटं बोलायला त्यांना चार भाषांची सोय होती, पण ती त्या वापरत नव्हत्या. त्यांचा नियम एकच होता. रोज एक इंग्रजी क्रियापद, शेपटीला छोटा शब्द लावलेलं, आणि त्याचं एक वाक्य. वाक्य चुकलं तर चालेल, पण खरं पाहिजे. परवा त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं: टर्न डाउन. "आवाज कमी करणं पण होते," त्या म्हणाल्या, "ते टीव्हीसाठी. आपल्याले माणसाचा अर्थ पायजे. समोर आलेलं नाकारणं. बोला."

दूध डेअरीतला एक गृहस्थ पुस्तकातून तयार होऊन आला होता. तो उठला. "द मिनिस्टर टर्न्ड डाउन द प्रपोजल." मॅडमनी विचारलं, "कोणता मिनिस्टर?" तो म्हणाला, "कोणताही." "तुम्ही होते का तिथं?" "नाई." "मग बसा." त्यानंतर वाक्यांचा पूर आला. बँक टर्न्ड डाउन माय लोन. पोलीस भरती टर्न्ड मी डाउन. गुंजन टर्न्ड मी डाउन, हे मागच्या बाकावरून, आणि त्यावर गुंजनसुद्धा हसली, कारण ती पुढच्या बाकावर होती. सगळी खरी वाक्यं. मॅडम ऐकत होत्या, मान डोलावत होत्या, आणि मग म्हणाल्या, "हे सगळं तुम्हाले कोणी नाकारल्याचं आहे. तुम्ही कोणाले काय नाकारलं ते सांगा." खाली यंत्र घुर्र करून बंद पडलं. सगळ्या वर्गाकडे मिळून, स्वतः नाही म्हटल्याचं एकही वाक्य निघेना. मॅडमनी स्वतःचं सांगितलं. "आय टर्न्ड डाउन अ शॉल अँड अ कोकोनट." कुठल्या तरी मंडळाला त्यांचा सत्कार करायचा होता, समाजातली पहिली इंग्रजीची पदवीधर म्हणून. "मी पहिली नव्हती. माझी बहीण होती. तिले शाल द्या म्हटलं, तर म्हणे कार्यक्रम छापून झाला." त्या हे इतक्या सपाट आवाजात म्हणाल्या की हसावं की लिहून घ्यावं ते कोणाला कळेना. मग त्यांची नजर स्वप्निलवर आली, आणि स्वप्निल उठला, आणि मनात जे पहिलं आलं ते म्हणाला: "आय टर्न्ड डाउन टी." "कधी?" मॅडमनी विचारलं. त्याच्या शर्टाच्या खिशाशी चहाचा ताजा डाग होता. मॅडमनी डागाकडे पाहिलं, रागावल्या नाहीत. "आधी नाकारून या," त्या म्हणाल्या, "तोवर वाक्य थांबते."

वाक्य थांबलं होतं. त्याचं जेवणात लक्ष लागेना, झोप लागेना. दुकानात शेजारच्या टेलरने चहा पाठवला, तो प्याला. वसुलीला गेला तिथे प्याला. केस कापायला गेला, त्या न्हाव्याने तर अर्धी हजामत ठेवून चहा मागवला, आणि मानेला साबण लागलेल्या अवस्थेत स्वप्निल तोही प्याला. प्रत्येक वेळी तो ठरवायचा आणि प्रत्येक वेळी हात कपाकडे जायचा, पण वरून नाही, धरायच्या कानाकडून. नाही म्हणायचा स्नायूच शरीरात नसावा, अशी त्याला शंका यायला लागली. मागे जाऊन पाहावं तर सगळं तसंच. शाळेच्या गॅदरिंगला झाड पाहिजे होतं, सरांनी याला उभं केलं. पुढच्या वर्षी झाडाचा अनुभव आहे म्हणून पुन्हा याला. शेवटच्या वर्षीचं नाटक जहाजावर घडत होतं, तरी एका कोपऱ्यात, समुद्राच्या मध्यभागी, स्वप्निल हिरवा कागद लावून उभा होता. वडील म्हणाले मेकॅनिकल, मेकॅनिकल केलं. वडील म्हणाले आता दुकानात बस, बसला. विम्याच्या चार एजंटांनी त्याला एकसारख्याच चार पॉलिस्या दिल्या, त्यामुळे तो मेला असता तर त्याला बरीच किंमत आली असती. शेजारी बद्रीनाथला गेले तेव्हा शेळी सांभाळायला देऊन गेले. परत आले, प्रसाद दिला, शेळी नेली नाही. ती अजून आहे. नाही म्हणण्याने जग थांबतं की काय, याची त्याला कधी भीती नव्हती. नाही म्हणायची जागाच कधी आली नव्हती; प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच कोणीतरी "हो" म्हणून टाकलेलं असायचं, आणि तो त्या हो-च्या आत राहायला जायचा. भाड्याच्या घरात जातात तसा.

"चहा नसंन आवडत तर दूध आणा," रूपराव म्हणाले. ते मोठ्या मनाचे गृहस्थ होते. "नाई तर कॉफी. आहे का जी कॉफी?" "कॉफी नाई, पण आणू," मंदाबाई म्हणाल्या. "नको," स्वप्निल म्हणाला. "लिंबू शरबत?" "नको." "ताक तरी घ्याच. घरचं आहे." "नको जी." एकदा तोंडातून निघायला लागल्यावर ते लहान मुलाच्या नव्या दातासारखं झालं होतं, जीभ सारखी तिकडेच जात होती. बाबाराव घाईने मध्ये पडले. "उपास असंन आज त्याचा." "आज उपास कशाचा?" रूपरावांनी विचारलं. बाबारावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी कशाचाही उपास नव्हता. "मनातल्या मनात असते एखाद्याचा," ते म्हणाले आणि आपला कप खाली ठेवला, कारण आता प्यायला की चूक आणि नाही प्यायला की चूक अशी त्यांची गत झाली होती.

सकाळी घरून निघाला तसाच तो आला असता तर हा हात कपावर गेला नसता, हे स्वप्निलला ठाऊक होतं. इथेही तो निमूट चहा प्यायला असता आणि वाक्य पुन्हा थांबलं असतं. पण नाचणगावात शिरताना, चौकात, चहाच्या टपरीच्या डोक्यावर, त्याने स्वतःला पाहिलं. भला मोठा फ्लेक्स होता. भव्य शुभारंभ. रूपराव अँड जावई ट्रेडर्स. एका बाजूला रूपराव, दुसऱ्या बाजूला स्वप्निल, मध्ये पाण्याचा मोटरपंप, त्याच्याभोवती देवाभोवती असतं तसं तेज. गाडीत सगळ्यांनी पाहिलं. पुंडलिकराव म्हणाले, "फोटो चांगला आला," आणि बाबाराव म्हणाले, "म्याच पाठवला होता." चेहरा त्याचाच होता, कुठल्या तरी बारशात काढलेला, तोंडात थोडं काही तरी असलेला. पण मानेखालचं अंग दुसऱ्याचं होतं. सफारी सूट, छाती भरलेली, आणि नमस्कारात जोडलेले हात. जाड बोटांचे, एका बोटात पोवळ्याची अंगठी, मनगटावर लाल दोरा. स्वप्निलचे हात बारीक होते, अंगठी नव्हती. फ्लेक्स छापणाऱ्याकडे नमस्काराचे हात तयार असतात. मुंडकी बदलत जातात. अजून पसंतीही झाली नव्हती. कोणीतरी अनोळखी माणूस त्याच्या वतीने गावाला हात जोडून हो म्हणत उभा होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बकऱ्यासुद्धा त्याच्याकडे पाहत होत्या. त्या वेळी स्वप्निलला राग आला नाही. त्याने फक्त मांडीवर ठेवलेले आपले हात पाहिले, उलटे केले, सुलटे केले. ते रिकामे होते. मग गाडी रूपरावांच्या दारात थांबली.

"पुरे झालं," पुंडलिकराव दातांमधून, हसत हसत, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "हात काढ बे." आणि त्यांनी आपला हात स्वप्निलच्या हातावर ठेवला. पाहणाऱ्याला वाटावं, बाप मायेने थोपटतो आहे. पण त्यांच्या अंगठ्याने आणि तर्जनीने स्वप्निलची करंगळी पकडली होती आणि ती वर उचलायचा प्रयत्न चालला होता. त्या स्पर्शासरशी खोलीतली माणसं विरघळली आणि स्वप्निल सिंदी रेल्वेला आत्याच्या लग्नात जाऊन बसला, मांडवात, सतरंजीवर, वडिलांना चिकटून, वय सहा-सात. पंगत चालली होती. वाढपी धावत होते, घामाचे थेंब वरणात पडत होते, आलू-वांग्याच्या भाजीचा तवंग पत्रावळीच्या शिवणीतून जमिनीत उतरत होता. पोट टम्म झालं होतं. बुंदीवाला आला. लहान स्वप्निलने आजूबाजूचे मोठे लोक करतात तसा हात पत्रावळीवर आडवा धरला. त्याला तो हात फार शोभून दिसतो आहे असं वाटलं. आणि वडिलांनी तो उचलला. अस्साच, करंगळीपासून सुरुवात करून, एकेक बोट, हसत. "हात काढ बे, वाढणाऱ्याचा अपमान होते." बुंदी पडली, त्यावर अजून पडली. त्याने सगळी खाल्ली. मांडवामागे, बैल बांधले होते तिथे, ती सगळी ओकली, आणि परत आल्यावर वडील कुणाला तरी सांगत होते, "पोट्ट्यानं नाई म्हटलं नाई शेवटपर्यंत." सगळे हसले होते, कोणीतरी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. तोंडात आंबट-गोड चव होती. ती चव त्याला पुढे कितीतरी वेळा आली. मेकॅनिकलला नाव लागलं तेव्हा, दुकानाच्या गल्ल्यावर पहिल्यांदा बसला तेव्हा, आणि आता थोड्या वेळापूर्वी मोटरपंपाच्या तेजात स्वतःला पाहिलं तेव्हा. म्हणजे हात कधीच नव्हता असं नाही. होता. एकदा उठला होता. त्या बोटांना आठवत होतं.

त्याने तळवा कपावर घट्ट दाबला. कपाची कड मांसात रुतली. पुंडलिकराव करंगळीवरून दुसऱ्या बोटावर आले, ते उठेना. मधल्या बोटावर आले, तेही उठेना. एक गृहस्थ आणि त्याचा एकतीस वर्षांचा मुलगा चारचौघांत, एका चहाच्या कपावर, चेहऱ्यावर हसू ठेवून कुस्ती खेळत होते, आणि बशी बारीक किणकिणत होती. शेवटी पुंडलिकरावांनी हात मागे घेतला आणि रुमालाने पुसला. सुलोचनाबाईंनी आतापर्यंत कोणाकडे पाहिलं नव्हतं. त्यांनी आपला कप टेबलावर ठेवला. अर्धा भरलेला होता. घरात कोणाचाही उरलेला चहा स्वतः संपवणाऱ्या बाईने आपला चहा ठेवला, हे स्वप्निलच्या डोळ्यांच्या कोपऱ्याने टिपलं आणि नंतर विचार करायला बाजूला ठेवलं.

"पोरीच्या हातून पाठव," रूपराव मंदाबाईंना म्हणाले. "तिच्या हातचा नाई परत करणार." हा शेवटचा उपाय होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. पडदा हलला आणि रक्षा आली. मघाशी ती पोहे देऊन, मान खाली घालून, नाव आणि शिक्षण सांगून आत गेली होती. आता मान खाली नव्हती. हातात स्टीलचा ग्लास, काठोकाठ, वर ताज्या चहाचा फेस. ती स्वप्निलसमोर येऊन थांबली आणि ग्लास पुढे न करताच म्हणाली, "एक विचारू का जी? चहा नको, का मी नको?"

"रक्षा," मंदाबाई म्हणाल्या.

"विचारू दे नं आई. एवढं दूध आटवलं म्या."

ही सोपी वाट होती आणि स्वप्निलला ती दिसली. पित्त झालंय म्हणायचं. मग पित्त झालेला जावई म्हणून ग्लासातला एक घोट घ्यायचा, सगळे हसतील, कव्हर पुन्हा करकर वाजेल, मोटरपंप भोवतालच्या तेजासकट फिरायला लागेल. पण तिने प्रश्न त्याला विचारला होता. त्याच्या बापाला नाही, बाबारावांना नाही, फ्लेक्सवरच्या सफारी सुटाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न मध्ये कुठे न थांबता थेट त्याच्या पत्त्यावर आला होता, आणि तो खोटं उत्तर देऊन परत पाठवावा असं त्याला वाटेना.

"चहा मले लय आवडते," तो म्हणाला. "अन् तुमचं मले काही माईतच नाई, तर तुम्हाले नको कसं म्हणू. पण इथं राहाले येणं नको. दुकान नको. तो चौकातला फोटो नको. मले कोणी विचारलं नाई, म्हणून सांगायचं राहून गेलतं."

रूपराव खुर्चीत मागे टेकले. बाबाराव पुन्हा कॅलेंडरकडे पाहू लागले. पुंडलिकराव आता हसत नव्हते. "इथं नको, तर देवळीचं दुकान पायजे का तुले?" त्यांनी विचारलं. "भावाच्या पोटावर पाय देतं का?"

"नाई. तेही नको."

"मंग का पायजे?"

स्वप्निलने विचार केला. खरंच केला, कारण प्रश्न चांगला होता. आत शोधून पाहिलं. तिथे एक झाड होतं, एक शेळी होती, आणि बरीच मोकळी जागा होती. "माईत नाई," तो म्हणाला.

"माईत नाई, अन् नाई म्हणून राह्यला?"

"हो."

हे बैठकीत कोणी ऐकलेलं नव्हतं. नाही म्हणणारे लोक सगळ्यांनी पाहिले होते, पण त्यांच्याकडे नागपूरची नोकरी असायची, नाही तर दुसरी मुलगी, नाही तर निदान रागाचं काही जुनं कारण. बदल्यात काहीच न धरता, रिकाम्या हाताने नाही म्हणणारा माणूस म्हणजे उंबरठ्यावरून मागे न पाहता उलटा चालत जाणारा. पडेल की काय असं वाटतं. स्वप्निल पडला नाही. हात अजून कपावरच होता. वाफ केव्हाच संपली होती आणि तळव्याला आता थंड, चिकट वर्तुळ जाणवत होतं.

रक्षाने ग्लास टेबलावर ठेवला. "आतापर्यंत जितके आले," ती सगळ्यांकडे पाहत म्हणाली, "त्या सगळ्यायनं चहा घेतला. पोहे घेतले. एका घरानं तर चिवडा बांधून नेला. अन् 'कळवतो' म्हणून गेले. अजून कळवूनच राह्यले." मग ती स्वप्निलला म्हणाली, "हात काढा." आणि ती हे म्हणाली तेव्हा त्याने काढला. तिने त्याच्यासमोरचा तो थंड कप उचलला. वर साय धरली होती, सायीवर त्याच्या हाताच्या रेषा उमटल्यासारख्या वाटत होत्या, पण ते मनाचे खेळ असतील. तिने तो उभ्या उभ्या एका दमात पिऊन टाकला.

"अवं, उष्टा..." मंदाबाई म्हणाल्या.

"उष्टा कुठचा? त्यायनं तोंड तरी लावलं का?" रक्षाने ओठ पुसले. "आलं कमी पडलं," ती म्हणाली आणि दोन्ही भांडी घेऊन आत गेली.

मग रूपराव, जे मोठ्या मनाचे होते आणि व्यवहाराचेही, बाबारावांकडे वळले. "फ्लेक्सवर दुसरा फोटो बसवता येते का, विचारून पाहा. हात राहू द्या तसेच."

बाहेर ऊन कलंडलं होतं. बाबारावांनी गाडी सुरू केली, इंजिनाच्या आवाजातही त्यांची निराशा ऐकू येत होती. पुंडलिकराव पुढे बसले आणि काच खाली केली. समोर पाहत म्हणाले, "बस गाडीत." देवळीपर्यंतचा रस्ता स्वप्निलला दिसत होता, दोन्ही बाजूंना कापूस, मध्ये गाडी, गाडीत शांतता, आणि त्या शांततेतून हळूहळू निघणारं एक लांबलचक "हो". एकदा आत बसलं की ते येणारच होतं. घरच्या जेवणासारखं, समोर वाढलेलं.

"नाई," तो म्हणाला.

"काऊन? आता का चहा आहे का गाडीत?"

"नाई. मी येतो माझा."

पुंडलिकरावांनी पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. शिवी देतील असं वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर शिवी नव्हती. पंगतीत वाढायला भांडं घेऊन आलेल्या माणसासमोर अचानक सगळ्या पत्रावळ्या झाकलेल्या असाव्यात, तसा तो चेहरा होता. काच वर गेली. मागची काच मात्र खाली आली, आणि आईने तोंड बाहेर काढलं. ती म्हणाली, "ऊन आहे. पाणी पेजो." आणि गाडी गेली.

तो चौकापर्यंत चालत आला. फ्लेक्स जागच्या जागी होता. पंपाभोवती तेज, रूपराव, आणि पलीकडे तो, तोंडात थोडं काही तरी, छातीशी ते जाड हात. वारा आला की फ्लेक्स फुगायचा आणि नमस्कार थोडा पुढे यायचा. खाली टपरीवर पातेल्यात चहा उकळत होता. स्वप्निल तिथे उभा राहिला. आता घसा कोरडा पडला होता, सकाळपासून एक घोट नव्हता, आणि आल्याचा वास थेट डोक्यात जात होता. त्याला वाटलं, आता नियमाने इथेही नको म्हणावं लागतं की काय. एकदा सुरू केलं म्हणजे माणसाने आयुष्यभर कपावर हात ठेवून फिरायचं का? पण टपरीवाल्याने काही पुढे केलं नव्हतं. तो आपल्या कामात होता. कोणी आग्रह करत नव्हतं.

"एक कट चहा द्या," स्वप्निल म्हणाला.

ग्लास आला. त्याने दोन्ही हातांनी धरला, फुंकर घातली, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. इतका चांगला चहा तो आधी कधी प्यायला नव्हता, आणि चहा तर साधाच होता, साखर जरा जास्त. टपरीवाला त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने वर फ्लेक्सकडे पाहिलं. मग पुन्हा खाली. चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू पसरलं, आणि त्याने आपला हात पँटीला पुसून पुढे केला.

"अरे बाप्पा. हे तुम्हीच नं जी?"

स्वप्निलने मान वर केली. दातांच्या यंत्राची घुर्र नव्हती, तरी मॅडमचा सपाट आवाज कानात आला: खरं आहे का? त्याने ते जोडलेले हात पुन्हा एकदा नीट पाहिले, पोवळ्याची अंगठी, लाल दोरा. मग ग्लासाभोवतीची स्वतःची बोटं पाहिली. उजव्या तळव्यावर कपाच्या कडेचं लाल वर्तुळ अजून उमटलेलं होतं.

"नाई," तो म्हणाला. "अजून एक द्या."